तलावाच्या पायथ्याला दरवर्षी ओल येते, काँक्रीट टाकलं तरी थांबत नाही: आमच्याकडं काय चुकलं आणि शेवटी काय लागू पडलं

आधी दुखणं सांगतो, म्हणजे तुमच्याकडं असा तलाव असेल तर लगेच कळेल की हे आपलंच आहे. मातीचा बांध म्हणजे भराव घातलेला छोटा तलाव, भरावाची उंची सात मीटरच्या आसपास, लांबी तीनशेच्या पुढं, बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून जे तलाव उभे केले त्यातलाच एक, सोलापूर शहरापासून लांब नाही. आता त्याच्यावर सकाळी आमच्यासारखी पोट सुटलेली माणसं चालायला येतात, दोन पायडल बोटी आहेत, थंडीत हुरड्याला आलेली गर्दी इकडंच फोटो काढायला येते, आणि मागच्या अंगाला ओढ्याकाठी वस्ती आहे जिच्यात पावसाळ्यात पाणी शिरू नये हे या तलावाचं खरं काम. उन्हाळाभर सगळं खडखडीत. सप्टेंबरात तलाव भरला की आठ-दहा दिवसांत भरावाच्या मागच्या बाजूला, अगदी पायथ्याशी, एकाच टापूत ओल येते, मग चप्पल रुतायला लागते, मग करंगळीएवढी धार, दिवाळीनंतर कमी कमी होत जाते आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत गायब. पुढच्या सप्टेंबरात परत हजर.

पहिल्या वर्षी वॉचमन मामांना विचारलं तर म्हणाले, "काय नाय ओ, दरवर्षी येतंय ते, मुरतंय आपोआप." दुसऱ्या वर्षी ज्यांच्याकडं देखभाल आहे त्यांना अर्ज दिला, त्यांनी ठेकेदार पाठवला, त्यानं मिक्सर लावून ओलीवर काँक्रीटची लादी ओतली, दिसायला एकदम झकास. महिन्याभरात लादीच्या बाजूला वीस फुटांवर ओल, आणि यावेळी पायथ्याला नाही तर कमरेएवढी वर. तिसऱ्या वर्षी आमच्या ग्रुपनंच वर्गणी काढून प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वरून काळी माती दाबून बसवली, सांगायला लाज वाटते पण मी स्वतः सिव्हिल डिप्लोमावाला असून फावडं घेऊन सगळ्यात पुढं होतो. ऑक्टोबरातल्या एका पावसात तेवढा तुकडा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल एवढा, फुगला आणि घसरून खाली बसला. त्या रात्री झोप लागली नाही कुणाला.

मग कुणीतरी एका रिटायर्ड मेस्त्री काकांना घेऊन आलं, आयुष्यभर मातीकामावर गेलेला माणूस. ते आले, काठीनं ओल टोचून बघितली, धारेखाली ओंजळ धरून पाणी बघितलं आणि एकच विचारलं, "हे बूच कुणी मारलं?" आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो.

त्यांनी जे समजावलं ते असं. मातीचा भराव म्हणजे सिमेंटची टाकी नव्हे, त्याच्यातून थोडं पाणी झिरपणारच, ते गृहीत धरूनच भराव बांधतात. आत काळ्या मातीचा गाभा, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मुरमाचं आवरण, आणि मागच्या पायथ्याला दगडांचा ढीग, त्याला रॉक टो म्हणतात, म्हणजे झिरपलेलं पाणी तिथून निवांत बाहेर पडावं. आमच्याकडं तो रॉक टो गाळानं आणि कचऱ्यानं कधीच गाडला गेला होता. बाहेर यायची वाट आपण बंद केली की पाणी काय तलावात परत जात नाही, ते भरावातच वर चढतं, मागचा उतार आतून भिजतो, ओल्या मातीत जोर राहत नाही आणि उतार घसरतो. आमचं नेमकं तेच झालेलं. म्हणजे मागच्या बाजूनं पाणी अडवायचं नाही, पाण्याबरोबर माती बाहेर यायला लागली तर ती अडवायची. हे एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्याच्या मागं मागं येतं.

आता तुमच्याकडं ओल दिसली तर पहिलं काम फावडं नाही, काचेची बाटली घ्या. स्वच्छ पांढऱ्या काचेची, धारेखाली धरून भरा, घरी नेऊन खिडकीत ठेवा, सकाळी तळाशी काय बसलंय बघा. पाणी नितळ आणि तळ साफ असेल तर वेळ आहे, शांतपणे शोधा. तळाशी मातीचा थर बसला, किंवा धार मुळातच गढूळ आहे, किंवा जिथं पाणी उपळतंय तिथं वाळूचं छोटं वारूळ तयार होतंय आणि मध्ये भातासारखं रटरटतंय, तर मात्र हे वाचत बसू नका, खाली तातडीचं लिहिलंय ते आधी करा. आतून माती वाहून जाते आणि मागच्या तोंडापासून पाण्याच्या दिशेनं पोकळी सरकत जाते, सुरुवातीला हळू, शेवटी शेवटी तासांचा खेळ असतो.

दुसरी गोष्ट, ओल तलावाचीच आहे का हे नक्की करा. हसू नका. मेस्त्री काकांच्या सांगण्यावरून आम्ही वहीत नोंदी सुरू केल्या आणि पहिले पंधरा दिवस आकडे काही केल्या जुळेनात, रात्री पाणी जास्त, दुपारी कमी, तलावाची पातळी तीच. शेवटी कळलं की सुशोभीकरणात मागच्या उतारावर जे लॉन लावलंय त्याच्या ड्रिपचा व्हॉल्व्ह गळतोय आणि माळी संध्याकाळी चालू करून घरी जातो. तो बंद केला तर निम्मी चिखलवाट तिथंच संपली. (भरावाच्या मागच्या उतारावर लॉन लावून त्याला रोज पाणी घालायचं हे ज्याच्या डोक्यातून आलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार. आपण आत पाणी शिरू नये म्हणून धडपडायचं आणि हे बाहेरून घालणार. आणि लॉनखाली ओल लपते ती वेगळीच.) तेव्हा ड्रिप, शेतातली पाइपलाइन, वस्तीतलं सांडपाणी, पावसाचं उतारावरून आलेलं पाणी, हे सगळं आधी बाद करा. सलग आठ दिवस पाऊस नसताना आणि ड्रिप बंद असताना पण ओल कायम असेल तर ती तलावाची.

मग मोजा. "जास्त येतंय", "कमी झालंय" या बोलण्याला काही अर्थ नसतो, दहा माणसं दहा सांगतात. ओल जिथं जमा होते तिथून एक छोटी चारी काढून पाणी एका जागी आणा आणि पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा, बस. थोडं बरं करायचं असेल तर पत्र्यात काटकोनी व्ही, म्हणजेच नॉच, कापून तो पत्रा चारीत आडवा रोवा, आम्ही एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. काटकोनी नॉचमधून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर पाणी जातं, ३ सेंटिमीटरला जेमतेम ०.२ लिटर, १० ला सव्वाचार-साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी पाचपटीच्या पुढं जातं, म्हणून नॉचमधला एक सेंटिमीटर पण हलक्यात घ्यायचा नाही. आणि उंची पत्र्याला चिकटून मोजायची नाही, तिथं पाणी वाकतं, थोडं मागं सरकून मोजायची.

रोज सकाळी मामा वहीत तीन आकडे लिहायचे. तलावाची पातळी सांडव्यापासून (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडतं ती जागा) किती खाली, नॉचमधली उंची, आणि आदल्या दिवशीचा पाऊस. आमच्याकडं सगळा उलगडा या वहीनं केला. दोन महिन्यांचे आकडे मुलीच्या ग्राफपेपरवर मांडले तर सरळ दिसलं की पाणी सांडव्याच्या तीन फूट खाली असेपर्यंत नॉच कोरडा ठाक, आणि तीन फुटांची रेघ ओलांडली की चौथ्या-पाचव्या दिवशी धार सुरू. उतरताना पण तसंच, त्या रेघेच्या खाली पाणी गेलं की आठवड्याभरात बंद. भरावाच्या तळातून किंवा खालच्या खडकातून पाणी येत असतं तर ते पातळी कमी झाल्यावर पण थोडं थोडं येत राहिलं असतं. एका ठराविक उंचीला चालू-बंद होतंय याचा अर्थ पाणी आत शिरायचं तोंड त्याच उंचीला आहे. ओल मागं दिसते म्हणून आपण मागंच खणत बसतो आणि चोर पुढच्या दारात असतो.

त्या रेघेला पुढच्या बाजूला नक्की कुठं हे शोधायला एक साधा प्रयोग असतो, वारा नसताना सकाळी सकाळी कडेनं पाण्यावर लाकडाचा भुसा टाकायचा आणि कुठं ओढला जातोय बघायचं. मोठी गळती असेल तर कळतं, आमच्याकडं नाही कळलं, नुसती मासळी वर आली. आम्ही सरळ मे महिन्याची वाट बघितली. तलाव आटला की पाण्याच्या बाजूनं ती तीन फुटांची रेघ टेपनं धरून टोकापासून टोकापर्यंत चालत गेलो.

आणि सापडलं काय, तर बोटीचा धक्का. बोटिंग सुरू केलं तेव्हा माणसांना उतरायला सोपं जावं म्हणून भरावाच्या पाण्याकडच्या उतारात पायऱ्या कापल्या होत्या. पिचिंगचे, म्हणजे लाटांपासून माती वाचवायला उतारावर रचलेले, दगड काढून बाजूला ठेवलेले, त्याखालचा मुरूम खरवडलेला आणि फरशी थेट काळ्या मातीवर बसवलेली. सगळ्यात खालची पायरी सांडव्याच्या बरोबर तीन फूट खाली. ओल येते ती जागा तिथून मागच्या बाजूला चाळीसेक फूट सरकून, कारण पाणी आत गेलं की सरळ थोडंच जातं, जिथं ढेकळांचा सैल थर मिळेल तिथून जातं, आणि दुष्काळी कामावर हातानं आणि पायानं दाबलेल्या भरावात असे थर असणारच, त्या लोकांनी रोलरशिवाय जे उभं केलं तेच खूप.

काळी माती उघडी पडली की काय होतं हे सोलापुरात कुणाला सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये रानात भेगा बघितल्यात सगळ्यांनी, पाय अडकतो. भाकरीचं पीठ मळून उघडं ठेवलं की कसं तडकतं, म्हणून घरी वर ओलं फडकं टाकतात, तर मुरमाचं आवरण म्हणजे गाभ्यावरचं ते फडकं. ते काढलं की चाळीस डिग्रीच्या वर उन्हात गाभा तडकतो. आम्ही एक भेग धरून सळई घातली ती साडेतीन फूट आत गेली. आणि फरशीखाली घुशींची बिळं, सात मोजली. बोटीवाल्याकडं भेळ, कणसं, शेंगा खाणारी माणसं पायऱ्यांवरच बसतात, सांडलेलं सगळं घुशींना, त्यांची पण पार्टी. भेग आरपार गेली नव्हती, पण भेगेनं आणि बिळांनी पाण्याला आयतं दहा-बारा फूट आत नेऊन सोडलेलं, पुढचं काम सैल थरानं केलं.

इथं आपल्या भागाचं एक वेगळं आहे ते लक्षात घ्या. कोकणात जूनपासून तलाव हळूहळू भरत येतो, भेगांना फुगून मिटायला वेळ मिळतो. आपल्याकडं जून-जुलै नुसता भुरभुर, सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, तो पण चार-पाच झोडपांत. म्हणजे उन्हाळाभर तडकलेला भराव आणि तलाव एका रात्रीत अर्धा भरतो. भेगा उघड्या असतानाच पाणी येऊन टेकतं. मग महिनाभरात काळी माती फुगते, भेगा मिटत येतात, पातळी पण उतरते, धार कमी होते आणि आपण म्हणतो, मुरलं आपोआप. मामांचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त त्याचा अर्थ उलटा होता.

आता दुरुस्ती. एक आधीच सांगतो, भरावाला हात लावायच्या आधी तलाव ज्या खात्याकडं आहे त्यांची लेखी परवानगी आणि त्यांचा इंजिनिअर जागेवर पाहिजे. आम्हाला परवानगीला चार महिने गेले, चपला झिजल्या, पण त्यांच्या ज्युनिअर इंजिनिअरनं नंतर मनापासून उभं राहून काम करून घेतलं, तेवढं मान्य केलं पाहिजे.

पुढच्या बाजूला, मे महिन्यात. फरशी उखडली. भेगांमध्ये आधी चुन्याचं पातळ पाणी ओतलं, म्हणजे खणताना पांढरी रेघ दिसते आणि भेग कुठवर गेलीय ते चुकत नाही, ही मेस्त्री काकांची युक्ती, मला डिप्लोमात कुणी शिकवली नव्हती. पांढरं संपेपर्यंत आणि त्याच्याखाली अजून अर्धा फूट चर खणला, कडा उभ्या न ठेवता तिरक्या केल्या, मग काळी माती सहा-सहा इंचाच्या थरात. मातीचा ओलावा केवढा, तर मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि हाताला चिखल लागू नये. प्रत्येक थर धुम्मस करून म्हणजे ठोकून दाबून, आणि पुढचा थर टाकायच्या आधी खालचा थर खरवडून, नाहीतर दोन थरांत गुळगुळीत सांधा राहतो आणि पाणी पुढच्या वर्षी तिथूनच. पाणी ओतून चिखल करून भरायचा मोह होतो, पटकन होतं ना, पण तो चिखल वाळला की परत तडकतो.

बिळांचं काम वेगळं. तोंडात दगड कोंबून काही होत नाही. नऊ पाट्या माती, एक पाटी सिमेंट, पाणी घालून ताकापेक्षा घट्ट, आणि वरून पाइप लावून आत सोडायचं, बीळ पिईल तेवढं. एका बिळानं अकरा घमेली खाल्ली. वर मुरूम एक फूट, त्यावर पिचिंगचे जुनेच दगड हातानं रचून. बोटीचा धक्का हलवला एका टोकाला, जिथं भराव संपून मूळ जमीन लागते. बोटीवाला महिनाभर बोलत नव्हता आमच्याशी.

मागच्या बाजूला, काँक्रीटची लादी फोडली. प्लास्टिक काढलं. घसरलेली माती काढून ओलीच्या पूर्ण टापूवर, बाजूनं दोन-दोन मीटर जास्त घेऊन, उलटा फिल्टर केला. नाव मोठं आहे पण गोष्ट सोपी, मातीला चिकटून बारीक, वर वर जाड. आधी वाळूचा थर, मग बारीक कच, मग वीस एमएमची खडी, सगळ्यात वर डबर, त्याच्या वजनानं पायथा पण धरला जातो. वाळूमुळं माती अडते, कचामुळं वाळू अडते, खडीमुळं कच अडते, आणि पाणी मात्र सगळ्यातून निघून जातं. मातीवर थेट खडी किंवा डबर टाकायचे नाहीत, त्यांच्या फटीतून माती आरामात निघून जाते आणि वरून दिसत पण नाही. खाली छिद्राचा पाइप टाकून पाणी चारीत काढलं आणि चारीत तोच नॉच.

इथं आम्ही एक माती खाल्ली ती पण सांगतो. नदीची वाळू मिळेना, म्हणून क्रश सँड आणली आणि न धुता टाकली. तिच्यात दगडाची पावडर केवढी असते, पहिल्याच पाण्यात ती पावडर बसली आणि फिल्टरच चोंदला, ओल परत वर चढायला लागली. तेवढा पट्टा परत उकलून वाळू टँकरच्या पाण्यानं धुवून टाकली, दुप्पट मजुरी. ती कापडासारखी जिओटेक्स्टाइल शीट लावा असंही एकानं सुचवलं होतं, पण काळ्या मातीच्या बारीक कणांनी ती चोंदू शकते म्हणून इंजिनिअरनं नको म्हटलं.

झाडांचं थोडक्यात. भरावावर वेडी बाभूळ नको, एवढंच. बोटाएवढी असेल तोवर मुळासकट उपटून खड्डा धुम्मस करून भरा. मांडीएवढ्या बुंध्याची झाली असेल तर कुऱ्हाड लावून मोकळं व्हायचं नाही, झाड मेलं की मुळं आत कुजतात आणि पाण्याला नळी तयार होते, ते काम इंजिनिअरला विचारून तलाव रिकामा असतानाच. गाळ काढायचं काम झालं असेल तर ते पण तपासा, गाळमुक्त धरण योजनेत जेसीबीवाला भरावाच्या अगदी पायाशी खणून गेला असेल तर तळावर बसलेला जुना बारीक गाळ, जो फुकटात पाणी अडवत होता, तो शेतात गेला असं समजा. आमच्याकडं तो प्रकार नव्हता.

आता सांडवा. हा विषय काढला की आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं होतात. पाणी जास्त दिवस टिकावं, बोटी संक्रांतीपर्यंत चालाव्यात म्हणून सप्टेंबर संपता संपता सांडव्यावर वाळूच्या पोत्यांची दीड फुटाची रांग लागायची. कोण लावतं ते कुणालाच माहीत नसतं, सकाळी आलं की रांग तयार. वहीतले सगळ्यात मोठे आकडे पोती असतानाचे, नॉचला ५ सेंटिमीटर. पोती काढल्यावर आठवड्यात ते ३ वर आलं, म्हणजे वीस सेकंदांत भरणारी बादली भरायला सत्तर सेकंद लागायला लागले, अजून दुरुस्तीचं नाव नव्हतं तेव्हा.

पण झिरपा ही त्यातली छोटी गोष्ट. सांडव्यावरून एक मीटर उंचीचं पाणी जाईल असं धरून तो बांधलेला असेल आणि त्यावर ४५ सेंटिमीटर पोती उभी केली, तर त्याच पातळीला सांडव्यातून जाणारं पाणी चाळीस टक्क्यांवर येतं. निम्मं पण नाही राहत, कारण पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या हिशोबात तो प्रवाह चालतो. उरलेलं पाणी कुठं जाणार, तर भरावाच्या माथ्यावरून, आणि मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो गेलाच. १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आठवा, "पावसाळा संपला" म्हणून सगळे निवांत होते. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं माढा-मोहोळकडं काय केलं ते पण ताजं आहे. आपल्याकडं परतीचा पाऊसच खरा, आणि पोती लागतात बरोबर त्याच वेळेला. शेवटी वस्तीतल्या बायकाच एका सकाळी आल्या आणि पोती उचलून बाजूला फेकली, त्यातली एक मावशी बोटीवाल्याला म्हणाली, "तुझी बोट तरंगाय पायजे म्हणून आमची भांडी तरंगू द्यायची व्हय?" त्यानंतर पोती लागली नाहीत.

तातडीचं. धार गढूळ झाली, वाळूचं वारूळ झालं, भरावाच्या माथ्यावर आडवी भेग म्हणजे पाण्याकडून मागच्या बाजूला जाणारी भेग दिसली, किंवा माथा कुठं खचला, किंवा कडेला पाण्यात भोवरा दिसला, यातलं काहीही असलं तर आधी १०७७ ला म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला फोन, तलाठी, पोलीस, आणि त्याच वेळी खालच्या वस्तीत माणूस पाठवा. खात्री करत बसू नका. चिपळूणजवळच्या तिवरे धरणाची गळती गावकऱ्यांनी आधी कळवली होती, २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि माणसं गेली, नंतर तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. मग पातळी उतरवायची, विमोचकाचा, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या पाइपाचा, व्हॉल्व्ह उघडा, सांडव्यावर काही असेल तर काढा. जिथं उपळतंय तिथं बूच मारायचं नाही, भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करा विहिरीच्या कठड्यासारखं, आत पाणी साचून थोडं चढू द्या म्हणजे आतला जोर कमी होतो, एका बाजूनं पाणी वाहतं ठेवा, आणि वाळू-खडी असेल तर त्याच क्रमानं वर टाका. हे पण फक्त इंजिनिअर सांगत असेल आणि मागं पळायला जागा असेल तरच. भराव वाचवायला माणूस पणाला लावायचा नसतो.

आमच्याकडं दुरुस्तीनंतर दोन पावसाळे झाले. पहिल्या वर्षी तलाव पूर्ण भरला तेव्हा नॉचला दीड सेंटिमीटर, पाणी नितळ. दुसऱ्या वर्षी एक. शून्य होणार नाही आणि व्हायला पण नको, अचानक शून्य झालं तर मला जास्त काळजी वाटेल, म्हणजे फिल्टर चोंदला. एक गोष्ट अजून राहिलीय, विमोचकाचा जुना पाइप जो भरावाच्या पोटातून जातो, त्याच्या कडेनं पाणी येतंय का ते तलाव रिकामा असताना बघायचंय. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं त्यात पण भरावाखालून जाणाऱ्या मोरीचं अर्धवट कामच नडलं होतं, त्यामुळं या मे महिन्यात पाइपचं तोंड उघडणार आहोत, ज्यांनी हे काम केलंय त्यांनी जॉइंट आतून कसे तपासले ते सांगा.

बाकी वही चालू आहे. मध्यंतरी तीन दिवस नॉच अर्ध्या सेंटिमीटरनं जास्त दाखवत होता, पातळी तीच, पाऊस नाही, ग्रुपवर नुसता धुरळा. मी सकाळी सहाला बॅटरी घेऊन गेलो तर व्हीच्या तळाला एक चांगला गलेलठ्ठ बेडूक बसलेला, पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी. आता मामा रीडिंग घ्यायच्या आधी त्याला काडीनं उठवतात, आणि वहीत तशी नोंद करतात.